पाहुण्याला आधी पाणी द्या, आधार नंतर मागा

संध्याकाळी ओट्यावर बसलेले आजोबा शाळेतून आलेल्या नातवापुढे फोन धरतात. ‘‘देख रे भाऊ, यामा काय सांगस? माले जमत नही.’’ धुळे-अमळनेरकडच्या कुठल्याही गावात हे आता रोजचंच झालंय. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली आणि पेऱ्याची नोंद फोनवर गेली. मागोमाग शेतकरी ओळख क्रमांक आला. फळपीक विम्याची आणि वीजबिलाची कामंही फोनवर आली. त्यात खतवाल्याचं एक ॲप, व्यापाऱ्याचं दुसरं, ठिबकवाल्याचं तिसरं. दर महिन्याला काहीतरी नवं फोनमध्ये येतं आणि दर वेळी नातू शोधावा लागतो.

गंमत अशी, की हेच आजोबा मोटारीच्या नुसत्या आवाजावरून एक फेज गेला की विहिरीचं पाणी खाली गेलं ते ओळखतात. व्हेंच्युरीची (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीची) चावी किती फिरवली की खत किती ओढलं जाईल, हा अंदाज त्यांच्या बोटांत असतो. एवढं यंत्र हाताळणाऱ्या माणसाला तीन बटणांचं ॲप जमत नसेल, तर ते ॲप पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याशी कसं वागलं हे आधी तपासायला हवं. ही पाच मिनिटं नीट आखणं हे कसबाचं काम आहे. ते कसं करतात, कुठे फसतं आणि का फसतं, ते पाहू. ॲप बनवणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि अवजारं विकणाऱ्या दुकानदारांना याचा थेट उपयोग आहे. ज्यांच्या हातातून फोन काढून घेतला जातो, त्यांनाही आपलं नेमकं काय चुकत नाही, ते कळेल.

पहिला वापर सुरू कुठे होतो, संपतो कुठे

या धंद्यातले लोक नव्या माणसाला वस्तूची ओळख करून देण्याच्या टप्प्याला ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात. आपण ‘पहिला वापर’ म्हणू.

बनवणाऱ्यांना वाटतं, पहिला वापर ॲप उघडल्यावर सुरू होतो. तो खूप आधी सुरू झालेला असतो. व्हॉट्सॲपच्या गटात कुणीतरी लिंक टाकली तेव्हा, किंवा सावद्याच्या दुकानात पंपाचं खोकं बघितलं तेव्हाच. माणूस मनात एक अपेक्षा घेऊन येतो: ‘यात केळीचा भाव दिसतो म्हणे.’ ती अपेक्षा पुरी झाली, म्हणजे त्याच्या मनातलं एक खरं काम त्याच्या हातून पार पडलं, की पहिला वापर संपला. खातं उघडणं हे त्याचं काम नव्हे. ते तुमचं काम आहे.

खान्देशात पाहुणा दारात आला की आधी तांब्याभर पाणी देतात. मग ‘कुठून आलात, काय काम काढलं’ ही चौकशी. बहुतेक ॲपं हा क्रम उलटा लावतात. दारातच नाव, गाव, नंबर, जन्मतारीख. पाणी मात्र शेवटपर्यंत नाही.

आठ स्क्रीन आणि पदरात काही नाही

समजा, रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी कटाईचा हिशेब करणारं ॲप बनवायचंय. साधारण कुठलीही टोळी ते असं बनवेल: पहिल्या स्क्रीनवर लोगो. दुसरीवर भाषा. तिसरीत डावीकडे सरकवायची तीन-चार चित्रं, ‘आधुनिक शेतीचा नवा सोबती’ वगैरे. चौथीवर मोबाईल नंबर. पाचवीवर ओटीपी. सहावीवर नाव, जिल्हा, तालुका, गाव. सातवीवर लोकेशनची परवानगी, तिच्या मागोमाग नोटिफिकेशनची. आणि आठवीवर एकदाचं मुख्य पान येतं. त्यावर करड्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘अद्याप कोणतीही नोंद उपलब्ध नाही.’

आठ स्क्रीन पार केल्यावर माणसाला कळतं, की इथे काहीच नाही. शेवटच्या त्या रिकाम्या पानावर बरेच लोक ॲप बंद करतात, आणि बनवणाऱ्याला वाटतं लोकांना गरजच नाही.

आता तेच ॲप दुसऱ्या तऱ्हेने. उघडलं की तीन चौकटी:

घड किती?
रास किती किलोची?
भाव, क्विंटलला?

खाली एक बटण: ‘हिशेब दाखवा’. माणूस ३०० घड, रास (म्हणजे एका घडाचं सरासरी वजन) १८ आणि भाव १४०० टाकतो. उत्तर येतं: ५४ क्विंटल, ७५,६०० रुपये. वीस सेकंद लागले, तेही चष्मा शोधण्यासकट. अजून नंबर मागितलेला नाही, गाव विचारलेलं नाही. उत्तराच्या खाली दुसरं बटण: ‘हा हिशेब जपून ठेवा’. ते दाबलं तरच नंबर मागायचा. आता नंबर देण्याला कारण आहे, कारण जपण्यासारखं काहीतरी त्याच्या हातात आलेलं आहे. कटती, मजुरी, वाहतूक ही चौकटही उत्तरानंतर उघडता येते, ज्याला हवी त्याला.

माझ्या मते या विषयातलं निम्मं शहाणपण एवढ्यातच आलं. मागायच्या गोष्टी कमी होत नाहीत; नंबर तोच, गाव तेच. फक्त त्या काहीतरी मिळाल्याच्या पलीकडे सरकतात.

सूचना लिहिल्या, तरी लोक वाचत का नाहीत?

‘आम्ही सुरुवातीला सगळं समजावून सांगतो, लोक पुढे-पुढे दाबत सुटतात’ ही तक्रार जुनी आहे, संगणकाइतकीच. आयबीएममधले संशोधक जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली तिच्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं: नवी वस्तू हातात घेतलेला माणूस शिकायला बसलेला नसतो, तो काम उरकायला बसलेला असतो. आधी दहा मिनिटं वाचलं तर पुढचे दहा तास वाचतील हे खरं असलं, तरी तो वाचत नाही. हातातलं काम त्याला ओढत असतं. याला त्यांनी सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास म्हटलं. नवा कुकर आणल्यावर त्याची पुस्तिका कुणी वाचली होती, हे घरात विचारून बघा.

म्हणून सुरुवातीला सरकणाऱ्या त्या चार चित्रांवर खर्च करू नये. ज्या चौकटीशी माणूस अडेल, त्या चौकटीखालीच अर्धी ओळ लिहावी. ‘रास म्हणजे एका घडाचं सरासरी वजन’ ही ओळ चौकटीच्या खाली कामाची आहे; तीच ओळ पाच स्क्रीन आधी सांगितली तर वाया.

याच कॅरल यांचा एका सहकाऱ्यासोबतचा १९८४ चा प्रयोग जास्त मजेदार आहे. मजकूर टंकण्याच्या एका संगणक प्रणालीत त्यांनी नवख्यांसाठी काही वाटा चक्क बंद केल्या. बटणं दिसायची, पण ज्यांवर नवखा माणूस हमखास भरकटतो ती दाबली की ‘हे सध्या उपलब्ध नाही’ एवढंच यायचं. अशी बांधलेली प्रणाली मिळालेले लोक लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला. मोठ्या सायकलवर आधी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं, सीटवर नंतर बसायचं, तसंच हे. पहिल्या दिवशी ‘सगळं खातं मिटवा’ असलं बटण उघडं ठेवायचं कारण नाही.

‘एक रुपया टाकून बघ’

फोनवरून पैसे पाठवणं गावोगाव पसरलं तेव्हा लोकांनी स्वतःहून एक रीत काढली. मोठी रक्कम पाठवण्याआधी समोरच्याला एक रुपया टाकायचा, ‘आला का?’ विचारायचं, आणि मगच उरलेली. ही रीत कुठल्याही ॲपने शिकवलेली नाही. नवख्याला काय हवं असतं, ते तिच्यातून नेमकं दिसतं: चुकलो तरी फार जाणार नाही अशी एक छोटी, पण खरीखुरी चाल.

आपल्या वस्तूत असा ‘एक रुपया’ कोणता, हे शोधा. हिशेबाच्या ॲपमध्ये तो जपून न ठेवलेला हिशेब आहे: आकडे टाका, खोडा, काही बिघडत नाही. मोटार चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरमध्ये तो म्हणजे विहिरीपाशी उभं राहूनच फोनवरून दिलेला पहिला ‘चालू’. मोटार सुरू झालेली कानांनी ऐकली की घरून चालवायचा विश्वास येतो. किराणा दुकानातला पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा बघा. बसवणाऱ्याने एक रुपया टाकला, डबा बोलला, दुकानदाराला सगळं कळलं. त्या डब्याला पुस्तिका लागली नाही.

खेळण्यापुरती खोटी उदाहरणं भरून ठेवणं हा दुसरा मार्ग आहे, पण जपून. ‘रामभाऊ पाटील, २ एकर’ अशी नमुन्याची नोंद आधीच दिसली, तर काहींना वाटतं दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलं. नमुना ठेवायचाच असेल तर त्यावर ठळक ‘नमुना’ लिहा, आणि पहिली खरी नोंद होताच तो आपोआप जाऊ द्या.

ओटीपी नेमका कुठे अडतो

खूप माणसं इथेही गळतात, म्हणून जरा थांबून पाहू.

पहिला अडसर फोनचा. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो. दोन-तीन जीबी रॅमचा फोन असेल, तर तेवढ्यात मागचं ॲप स्मृतीतून काढून टाकलं जातं. परत आलं की पुन्हा लोगो, पुन्हा भाषा, पुन्हा नंबर. माणूस नवा ओटीपी मागतो, आता मेसेजमध्ये दोन ओटीपी, आणि तो जुना टाकतो. यावर उपाय अवघड नाहीत. माणूस कुठल्या स्क्रीनवर होता ते साठवा आणि परतल्यावर तिथेच उतरवा. अँड्रॉइडमध्ये एसएमएस वाचायची परवानगी न मागताही आपल्याच ॲपसाठी आलेला ओटीपी उचलता येतो, ती सोय वापरा. नवा ओटीपी मागितला तरी आधीचा काही मिनिटं चालू ठेवा.

दुसरा अडसर रेंजचा. पुण्यातल्या कार्यालयात तीस सेकंदांचं घड्याळ ठीक वाटतं. धडगाव-तोरणमाळच्या बाजूला मेसेज कधी कधी चढ चढून वर आल्यावर पडतो. ओटीपीला दहा मिनिटं मुदत द्या. ‘पुन्हा पाठवा’ला एक मिनिट थांबवलं तरी चालेल, पण घड्याळ संपलं म्हणून टाकलेला नंबर पुसू नका.

तिसरा अडसर माणसांचा, आणि तो खास आपल्याकडचा. घरात फोन एक, सिम मुलाच्या नावावर, आणि मुलगा सुरतेला कामाला. किंवा पहिल्या दिवशी नोंदणी करून देणाऱ्या पुतण्याने आपलाच नंबर टाकला. ओटीपी सुरतेला जातो, आजोबा शेतात वाट बघतात. म्हणून नंबर बदलण्याचं बटण पहिल्याच दिवशी सापडेल असं हवं, आणि जिथे पैशांचा व्यवहार नाही तिथे ओटीपीविना चालणारा भाग मोठा ठेवायला हवा.

परवानगी मागायची वेळ

परवानग्यांचं गणित बनवणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतं. अँड्रॉइड ११ पासून (२०२०) माणसाने एखादी परवानगी दोनदा नाकारली, की फोन ती चौकट पुन्हा दाखवतच नाही. मग सेटिंगच्या पोटात शिरून ती द्यावी लागते, आणि तिथवर कुणी जात नाही. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) नव्या ॲपला नोटिफिकेशनसाठीही विचारावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे मोजक्या संधी आहेत. ॲप उघडताच, ओळखदेख नसताना त्या खर्च केल्या, तर समोरचा ‘नको’ म्हणणार, आणि त्याचं चुकतही नाही.

मागायचं कधी? गरज समोर दिसते त्या क्षणी. माणसाने ‘माझ्या गावचं हवामान’ दाबलं की मग लोकेशन मागा. त्याआधी आपल्या शब्दांत एक ओळ: ‘तुमच्या गावचा पाऊस दाखवायला जागा कळायला हवी. नको असेल तर गावाचं नाव लिहा.’ ही दुसरी वाट असलीच पाहिजे. गाव लिहून काम होत असेल तर परवानगी ही सोय राहते, अडवणूक होत नाही.

कायदाही याच दिशेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती सोप्या, स्पष्ट भाषेत मागावी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा असं म्हटलंय. मराठी त्या अनुसूचीत आहे. अहिराणी नाही, हे जाता जाता.

खोडं की हेक्टर?

नोंदणीच्या फॉर्मवर ‘क्षेत्र (हेक्टर)’ ही चौकट हमखास असते. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं हे खरं. पण केळीवाल्याला विचारा, ‘बाग केवढी?’ तो म्हणेल, ‘पाच हजार खोडं.’ कधी लावली? तो तारीख सांगणार नाही. म्हणेल ‘मृगबाग’ किंवा ‘कांदेबाग’. जून-जुलैची लागवड ती मृगबाग, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराची ती कांदेबाग. त्याच्या डोक्यातली मापं ही आहेत.

पहिल्याच चौकटीत माणसाला मनातल्या मनात रूपांतर करायला लावलं, की दोन गोष्टी होतात. काही जण अंदाजे काहीतरी ठोकून देतात आणि तुमची माहिती कायमची बिघडते. उरलेले फोन नातवाकडे देतात. रूपांतर यंत्राने करावं. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी १,७४२ खोडं बसतात. पाच हजार खोडं म्हणजे साधारण पावणेतीन-तीन एकर. ॲपने खोडं विचारावीत, अंतर विचारावं आणि खाली लिहावं: ‘म्हणजे सुमारे २.९ एकर, बरोबर ना?’ चूक असेल तर माणूस दुरुस्त करतो. स्वतः रिकामी चौकट भरण्यापेक्षा दुसऱ्याची चूक दुरुस्त करणं कुणालाही सोपं जातं.

आकडे टाकण्याचाही एक बारीक घोळ आहे. अंकांची चौकट असेल तर थेट अंकांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. आणि कुणी मराठी अंकांत १५०० लिहिलं काय, इंग्रजी अंकांत लिहिलं काय, दोन्ही चाललं पाहिजे. मराठी अंक टाकल्यावर ‘अवैध संख्या’ म्हणणारी मराठी ॲपं आहेत.

नुसतं मराठी केलं की झालं?

नाही. ‘आपले खाते सत्यापित करण्यासाठी पुढे सुरू ठेवा’ हे मराठी अक्षरांत लिहिलंय एवढंच. यातलं ‘सत्यापित’ हिंदीतून आलंय आणि ‘पुढे सुरू ठेवा’ म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येणार नाही. बटणावर, दाबल्यावर काय होणार ते लिहा. ‘सबमिट करा’ऐवजी ‘नोंद पाठवा’, ‘पुढे’ऐवजी ‘भाव बघा’. शंका आली तर ते वाक्य चावडीवर मोठ्याने म्हणून बघा. हसू आलं तर बदला.

मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जागा जास्त खातो, उभी आणि आडवीही. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. बटणावर ‘नोंदणी पूर्ण क…’ एवढंच दिसतं. बटण निदान नऊ मिलिमीटर उंच हवं, अँड्रॉइडच्या आखणीचे नियमही साधारण तेवढंच सांगतात. नांगरटीने राठ झालेल्या अंगठ्याला ते खरं तर कमीच आहे.

बोलीचं काय? सगळं ॲप अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत करायचा हट्ट नको, कारण वाचायची सवय सगळ्यांना मराठीचीच आहे. पण ऐकायची सवय बोलीची आहे. मदतीचा आवाज ध्वनिमुद्रित करणार असाल, तर तो गावातल्याच कुणाचा असू द्या. सातपुड्यातल्या पावरी-भिली बोलणाऱ्या घरांत तर वाचण्यापेक्षा ऐकणं जास्त कामाचं. तीस सेकंदांपेक्षा लांब काही नको.

खोक्यातली वस्तूही हेच सांगते

हा विषय फक्त फोनचा नाही. बॅटरीवर चालणारा १६ लिटरचा फवारणी पंप घ्या. शेतकरी तो घेतो कधी? कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले त्या दिवशी. संध्याकाळी आणतो, सकाळी खोकं फोडतो, औषध कालवतो, पाठीवर घेतो, बटण दाबतो, आणि दहा मिनिटांत पंपाची धार मरते. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी गोदामात पडून उतरलेली होती. पहिल्यांदा ती रात्रभर चार्ज करायला हवी होती, आणि हे पुस्तिकेच्या सहाव्या पानावर लिहिलेलं होतं. कालवलेलं औषध आता पडून राहणार. पंप ‘फसवा’ निघाला ही बातमी दुपारपर्यंत चार शेतं ओलांडते.

इथे पुस्तिका सुधारून काही होत नाही. चालू करायच्या बटणावरच रंगीत चिकटपट्टी हवी: ‘आधी रात्रभर चार्ज करा’. ती काढल्याशिवाय बटण दाबताच येऊ नये. चार्जर खोक्यात सर्वांत वर हवा, नोझलची पुडी तळाशी गेली तरी चालेल. पुडीत एक वॉशर जादा टाका, तो मातीत पडणारच. आणि टाकीच्या झाकणावर एक ओळ: ‘पहिली टाकी साध्या पाण्याची’. साध्या पाण्याने कुठे गळतंय ते कळतं, आणि एका टाकीत किती ओळी होतात हेही. त्यावरून औषधाचं प्रमाण ठरवता येतं. हा पंपाचा ‘एक रुपया’. त्यापेक्षाही स्वस्त उपाय दुकानदाराच्या हातात आहे: पंप विकायच्या आदल्या रात्री चार्ज करून ठेवणं.

ठिबकचंही तसंच. संच बसवणारा माणूस नळ्या अंथरतो, पाणी सोडून दाखवतो आणि जातो. मालकाने फक्त पाहिलेलं असतं. महिन्याभरात फिल्टर चोंदतो, शेवटची ड्रिपर्स कोरडी पडतात. बसवणाऱ्याने जाण्याआधी मालकाच्याच हाताने तीन गोष्टी करून घ्यायच्या: फिल्टर उघडून जाळी धुणं, नळ्यांची टोकं सोडून गाळ बाहेर काढणं, आणि फिल्टरच्या अलीकडचं-पलीकडचं दाबमापक वाचून दोन्हींतला फरक सांगणं. फरक वाढला की फिल्टर धुवायची वेळ झाली. पाहिलेलं माणूस विसरतो. हात भरलेले असले की आठवतं.

‘पण आमचं तसं नाही’

हे ऐकल्यावर येणाऱ्या हरकती ठरलेल्या आहेत.

‘नंबर आधी घेतला नाही तर माणूस हातचा गेला.’ नंबर घेऊन ॲप काढून टाकणारा माणूसही गेलेलाच असतो. फक्त तुमच्या यादीत तो उरतो आणि आकडा फुगलेला दिसतो. तुमच्या वरिष्ठांना डाउनलोडचा आकडा दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

‘आमच्याकडे केवायसी कायद्यानेच आधी लागते.’ पैसे, कर्ज, विमा, सरकारी नोंद यांत हे खरं आहे, आणि तिथे पळवाट शोधू नये. पण ओळखपत्र मागण्याआधी हप्ता किती बसेल, कागद कोणकोणते लागतील, वेळ किती लागेल हे दाखवायला कुठलाच कायदा अडवत नाही. ‘सातबारा, आधार, पासबुक घेऊन बसा, पंधरा मिनिटं लागतील’ एवढं पहिल्याच स्क्रीनवर सांगितलं, तर माणूस अर्ध्यातून उठून कपाट धुंडाळत नाही. आणि उठला तरी भरलेलं तसंच राहिलं पाहिजे.

‘व्हिडिओ टाकलाय ना.’ व्हिडिओ अडलेल्यासाठी चांगला, सुरुवातीला वाईट. सहा मिनिटांच्या व्हिडिओत हवं ते कुठे आहे, ते सापडत नाही. प्रत्येक अडचणीला चाळीस सेकंदांची वेगळी चित्रफीत करा आणि ती त्या-त्या जागीच ठेवा.

‘गावात पोरं आहेतच की शिकवायला.’ ही हरकत मला सर्वांत जास्त खटकते. पोरं शिकवत नाहीत, करून देतात. फोन हातातून घेतात, फटाफट दाबतात, परत देतात. आजोबांचा पहिला वापर झालेलाच नसतो. तरीही कुणीतरी करून देणार हे वास्तव आहे, तर त्याची सोय करा: शेवटी एक स्क्रीन, ‘आता हा फोन ज्यांचं शेत आहे त्यांच्या हातात द्या’, आणि तिथे मालकाने स्वतः करायची एकच छोटी गोष्ट. बागेला नाव देणं, उदाहरणार्थ. ‘नाल्यावरची’, ‘खालची’, ‘भाऊबंदकीतली’. ते नाव दुसरा कुणी टाकू शकत नाही.

पाच माणसं आणि एक चिठ्ठी

तपासायचं कसं? वस्तू वापरायला सोपी कशी करावी याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय, की पाच माणसांसोबत केलेली साधी चाचणीही बहुतेक मोठे दोष उघडे करते. शंभर माणसांसोबत एकदा करण्यापेक्षा पाचांसोबत करा, दुरुस्त करा, पुन्हा नव्या पाचांसोबत करा. पैसा फारसा लागत नाही, पेट्रोल आणि चहा.

माणसं आपल्या ओळखीची नकोत. फोन त्यांचाच हवा, फुटक्या काचेचा असला तरी, सिमही त्यांचंच. जागा शेताच्या बांधावर किंवा ओट्यावर, भर उन्हात, म्हणजे फिकट करडी अक्षरं किती दिसतात ते लगेच कळेल. हातात एक चिठ्ठी द्या: ‘३०० घड उतरले, रास १८ ची, भाव १४००. किती पैसे येतील ते यातून काढा.’ आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वांत कठीण. बोट चुकीच्या जागी गेलं की तोंडातून ‘वर, वर, उजवीकडे’ निघतंच. जीभ आवरा आणि वहीत लिहा: अंगठा कुठे थांबला, किती वेळ, परत कुठून फिरला. अडलेच तर एवढंच विचारा, ‘आता हे दाबल्यावर काय होईल असं वाटतं?’

‘आवडलं का?’ हे मात्र विचारू नका. खान्देशी माणूस घरी आलेल्याला नाराज करत नाही. ‘भारी शे,’ म्हणेल, वर शेवभाजी खाऊ घालेल, आणि तुम्ही गाडी वळवताच ॲप काढून टाकेल. मोजायचं ते वेगळं: चिठ्ठीतलं काम किती मिनिटांत झालं, मदतीशिवाय पाचांपैकी कितींना जमलं, आणि आठवड्याने त्यांतल्या कितींनी सांगितल्याशिवाय पुन्हा उघडलं.

पहिला वापर दर वर्षी येतो

एक गोष्ट शहरी ॲपांच्या आखणीत येत नाही, कारण तिथे ॲप रोज उघडतं. केळी हे जवळपास वर्षभराचं पीक. कटाईचा हिशेब आज केला, तर पुढची कटाई बारा महिन्यांनी. मधल्या काळात फोन बदललेला असतो, ॲपचं रूप बदललेलं असतं, बटणं हललेली असतात. मागच्या वर्षी शिकलेला माणूस यंदा पुन्हा नवखा आहे. फवारणी पंपही खरीप संपल्यावर माळ्यावर जातो आणि पुढच्या जुलैत उतरलेल्या बॅटरीसह खाली येतो. बटणावरची ती चिकटपट्टी पहिल्याच वर्षी निघून गेलेली असते. म्हणून ‘वापरायच्या आधी रात्रभर चार्ज’ ही ओळ चिकटपट्टीवर छापून भागत नाही, ती टाकीच्या अंगावर कोरलेली हवी.

ॲपमध्ये याच कामासाठी मुख्य पानाची मांडणी उगाच बदलायची नाही, आणि सहा महिन्यांहून जास्त काळाने कुणी परत आलं तर त्याला ‘नवीन काय आहे’ची चित्रं दाखवायची नाहीत. त्याच तीन चौकटी, त्याच क्रमाने. वर बारीक अक्षरांत एक ओळ पुरते: ‘मागची कटाई, नाल्यावरची बाग: ३०० घड, रास १८, भाव १४००.’ आणि खाली, यंदाचे घड टाकायला उघडा असलेला अंकांचा कीबोर्ड.